वाचावयाचें नाटक

(१)

ता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं कोल्हापुरांतील केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. छत्रपति शाहू महाराजांनीं ‘पॅलेस थिएटर’ या नांवानें बांधविलेलें व १९१५ सालीं लोकांस खुलें झालेलें हें नाट्यगृह एका रात्रींत आंतून जळून गेलें. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसरा दिवस ९ ऑगस्टचा, म्हणजे ज्या नटाचें नांव पुढें या वास्तूस मिळालें त्या केशवराव भोसल्यांच्या जन्मदिवसाचा. करवीरच्या पुष्कळ रहिवाशांस त्या सकाळीं घरांतलें माणूस गेल्यासारखें वाटलें असल्यास त्यांत नवल नाहीं.

इमारत माणसांनीं बांधलेली असते व ती माणसांस पुन्हां बांधतां येते. या नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचें कामही हातीं घेण्यांत आलें. परंतु या निमित्तानें एक जुना प्रश्न आमच्या मनांत पुन्हां उभा राहिला. रंगभूमीवर जें घडतें तें आग लागो वा न लागो, पडदा पडतांच नाहींसें होतें. केशवराव १९२१ सालीं अवघ्या एकतीस वर्षांचे असतां वारले. त्यांची मृणालिनी किंवा त्यांची शारदा पाहिलेला माणूस आज हयात नाहीं. मागें राहिलीं आहेत तीं नाटकांचीं पुस्तकें. या पुस्तकांचें आम्ही काय करतों?

आमच्या संग्राहक मित्रांपैकीं अनेकांच्या कपाटांत अशीं पुस्तकें आहेत. कोणाकडे ‘शारदे’ची जुनी आवृत्ति, कोणाकडे बंदी आलेल्या नाटकाची लपवून ठेवलेली प्रत. तीं अभिमानानें दाखविलीं जातात, त्यांच्या मुखपृष्ठांविषयीं व छापखान्यांविषयीं तासभर बोलणें होतें. मात्र ‘आपण हें वाचलें आहे काय?’ असें विचारल्यास बहुधा एकच उत्तर मिळतें कीं, नाटक हें पाहावयाचें असतें, वाचावयाचें नव्हे. हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. नाटकाचें वाचन हा प्रयोग चुकलेल्याचा नाइलाज नसून तो एक स्वतंत्र आनंद आहे, आणि जुने कागद वाचण्याची संवय असलेल्या माणसास तर तो इतरांपेक्षां अधिक सुलभ आहे, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

(२)

आक्षेप जुना आहे व त्यास शास्त्राचा आधारही आहे. आमच्या साहित्यशास्त्रानें काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भाग केले व नाटक दृश्यांत घातलें. परंतु मराठी नाटकाचा इतिहास पाहतां या आक्षेपाचें बळ बरेंच कमी होतें.

विष्णुदास भावे यांनीं सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ केलें, तेथून मराठी रंगभूमीचा आरंभ धरण्याची वहिवाट आहे. त्या खेळांत सूत्रधारानें पदें म्हणावयाचीं आणि पात्रांनीं त्या पदांच्या अनुरोधानें आयत्या वेळीं भाषणें करावयाचीं, अशी रीत होती. पुढें १८८५ सालीं भाव्यांनीं आपला ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला, तेव्हां छापण्याजोगीं होतीं तीं पदेंच. भाषणें कागदावर उतरलींच नव्हतीं, म्हणून तीं बोलणाऱ्यांबरोबर गेलीं. आज तो संग्रह हातीं घेणाऱ्यास सांगाडा दिसतो, त्यावरचें मांस दिसत नाहीं. केवळ पाहण्यापुरतें असलेलें नाटक काळाच्या हातीं कसें सांपडतें याचें याहून स्पष्ट उदाहरण नाहीं.

त्याच काळांत दुसरीकडे नाटक पुस्तकाच्या वाटेनें येत होतें. ‘प्रबोधचंद्रोदया’चें मराठी भाषांतर १८५१ सालीं छापून निघालें. परशुरामपंत तात्या गोडबोले यांचें ‘वेणीसंहार’ १८५७ सालचें. विनायक जनार्दन कीर्तने यांचें ‘थोरले माधवराव पेशवे’ हें स्वतंत्र नाटक १८६१ सालचें, आणि महादेवशास्त्री कोल्हटकर यांचें ‘ऑथेल्लो’ १८६७ सालचें. लेखकानें आरंभापासून शेवटपर्यंत शब्दशः लिहून काढलेलें गद्य नाटक आमच्याकडे असें छापखान्यांतून आलें. पुढें मंडळ्यांनीं तें पाठ करून रंगभूमीवर आणलें, तेव्हां अशा नाटकांस ‘बुकिश नाटकें’ हें नांव पडलें. नांवांत थोडी थट्टा असेल. पण त्या थट्टेंत एक ऐतिहासिक सत्य नोंदलें गेलें आहे. मराठी गद्य नाटक नटाच्या तोंडीं बसण्यापूर्वीं वाचकाच्या हातीं पडलें होतें. तेव्हां आज तें कोणी वाचूं म्हटल्यास तो रंगभूमीचा अपमान करीत नाहीं. आपल्याच जुन्या वाटेनें चालतो, इतकेंच.

(३)

आतां त्या वाचनांतील आनंद कोणता, तें पाहूं. कादंबरींत लेखक वाचकाच्या शेजारीं बसलेला असतो. पात्र काय बोललें, कोणत्या स्वरांत बोललें, बोलतांना त्याच्या मनांत काय होतें, हें सर्व तो सांगत जातो. नाटककारास ही मुभा नाहीं. त्यानें पात्राचें नांव लिहावें, पुढें त्याचें बोलणें लिहावें, कंसांत एखादी सूचना द्यावी आणि बाजूस व्हावें. स्वर कोणता, खरें किती व खोटें किती, कोणता शब्द ओठांशीं येऊन परत गेला, हें वाचकानें ठरवावयाचें असतें.

अस्सल पत्र वाचणारास हें काम नवें नाहीं. मोडी पत्राचा बंद उलगडून बसलेला संशोधक दुसरें काय करीत असतो? पत्र लिहिणारा ज्यास लिहितो त्यास जें ठाऊक आहे तें लिहीत नाहीं. ‘मजकूर पूर्वीं लिहिलाच आहे’, ‘खासगत बोलण्यांत आलें आहे’, अशा वाक्यांच्या मागें सगळें राजकारण दडलेलें असतें. आपण तिसरे. आपणांस कोणी उद्देशून लिहिलेलें नाहीं. भिंतीआड उभें राहून दोघांचें बोलणें ऐकावें तसें आपण ऐकतों व न बोललेलें अनुमानानें भरून काढतों. नाटकाचा वाचकही असाच तिसरा असतो.

या साम्यावरून चांगल्या-वाईट नाटकाची एक कसोटीही हातीं येते. बनावट कागद ओळखण्याच्या ज्या खुणा आहेत त्यांपैकीं एक ही कीं, तो जरुरीपेक्षां अधिक सांगतो. अस्सल पत्रांत जें गृहीत धरलें जातें तें बनावट पत्रांत फोड करून लिहिलेलें असतें, कारण तें वस्तुतः त्या काळच्या मनुष्यासाठीं नसून पुढें तें तपासणाऱ्यासाठीं लिहिलेलें असतें. दुय्यम नाटककाराचीं पात्रें नेमकें हेंच करतात. दोन भाऊ एकमेकांस आपल्या वडिलांचें नांव, गांव व मृत्यूचें वर्ष सांगत बसले कीं समजावें, बोलणें भावाभावांतलें नसून प्रेक्षकांकरितां आहे. नाट्यगृहांत दिव्यांच्या व पोशाखांच्या झगमगाटांत हा दोष खपून जातो. कागदावर तो लपत नाहीं.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें ‘ऐतिहासिक लेखसंग्रहां’त छापलीं, आणि त्यांनींच ‘शिवसंभव’, ‘उग्रमंगल’ अशीं नाटकेंही लिहिलीं. एकाच लेखणीनें हीं दोन कामें केलीं हा आम्हांस केवळ योगायोग वाटत नाहीं. दोन्ही कामांस कान एकच लागतो.

या संबंधांत कोल्हापुरावरूनच निघालेली एक हकीकत सांगण्यासारखी आहे. छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाविषयींच्या मजकुरावरून ‘केसरी’ व ‘मराठा’ पत्रांवर जो खटला झाला, त्यांत टिळक व आगरकर या दोघांस १८८२ सालीं शिक्षा झाली व मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत त्यांचे १०१ दिवस गेले. दिवाण माधवराव बर्वे यांचीं म्हणून जीं पत्रें पुढें आलीं होतीं, तीं बनावट ठरल्यामुळें बचावाचा आधारच तुटला. त्या कारावासांत आगरकरांनीं शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चें भाषांतर हातीं घेतलें, तें ‘विकारविलसित’ या नांवानें १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. हॅम्लेटच्या कथेंतही एक बनावट कागद आहे. स्वतःच्या वधाचा हुकूम घेऊन जाणाऱ्यांच्या दप्तरांतून तो पत्र काढतो, दुसरा हुकूम लिहितो व बापाच्या मुद्रेनें त्यावर शिक्का करतो. खोट्या पत्रांपायीं कोठडींत बसलेल्या त्या तरुण पंडितानें तो भाग कोणत्या मनानें मराठींत आणला असेल, याची नोंद कोठें नाहीं व आम्ही ती कल्पूं इच्छीत नाहीं. परंतु एवढें खरें कीं, तेथें रंगभूमि नव्हती, नट नव्हता, पडदा नव्हता. होतें तें वाचन. पुढें शाहूनगरवासी मंडळींत गणपतराव जोशी यांनीं ती भूमिका गाजविली, ती या वाचनाच्या पोटीं जन्मलेल्या पुस्तकावरून.

(४)

सामान्य विधानें पुरेशीं झालीं. आतां दोनतीन नाटकें उघडून पाहूं.

गोविंद बल्लाळ देवलांची ‘शारदा’ १८९९ सालची. तिच्या पदांची कीर्ति इतकी मोठी कीं, कित्येक पिढ्यांनीं हें नाटक पदांच्या वाटेनेंच ओळखलें. संगीत नाटकांच्या ऐन भरांत खेळ रात्र रात्र चाले, एकेका पदास ‘वन्समोअर’ मिळे, आणि दोन पदांमधला गद्य भाग हा श्रोत्यांस पान खाण्याचा वेळ वाटे. पुस्तकांत मात्र पद चार ओळींचें असतें व चार ओळींतच संपतें. लेखकानें आंखलेलें प्रमाण वाचनांत पुन्हां प्राप्त होतें, आणि देवलांचें गद्य प्रथमच समोर उभें राहतें. कांचनभट, भद्रेश्वर दीक्षित व भुजंगनाथ यांचीं बोलणीं सलग वाचावींत. विकणारा आहे, दलाल आहे, गिऱ्हाईक आहे. विवाहाचा शब्द काढून घेतला तर हा पेठेंतला सौदा आहे असें वाटेल. इंदिराकाकूंस हें सर्व दिसतें, पण आपल्याच मुलीच्या लग्नांत तिच्या शब्दास किंमत नाहीं. हें देवल कोठेंही आपल्या तोंडानें सांगत नाहींत.

अखेरीस लग्न मोडतें तें कशामुळें? वृद्धानें बालिकेशीं लग्न करूं नये म्हणून नव्हे. वर व वधू सगोत्र निघतात म्हणून. प्रयोगांत या ठिकाणीं प्रेक्षकास सुटकेचा आनंद होतो व तो पुढें जातो. वाचक येथें थांबतो. ज्या शास्त्रास गोत्र एक असणें खपत नाहीं त्यास वयांतील पन्नास वर्षांचें अंतर खपत होतें, ही गोष्ट त्याच्या ध्यानांत येते, आणि नाटकाचा सुखान्त त्यास बोचूं लागतो. पुस्तक मिटून विचार करण्याची सोय नाट्यगृहांत नसते.

देवलांच्याच ‘संशयकल्लोळा’ची गोष्ट संग्राहकांस विशेष आवडेल. मूळ आयरिश नाटककार मर्फी याचें. त्यामागें फ्रेंच मोलिएर. देवलांनीं तें प्रथम ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नांवानें गद्यांत लिहिलें व पुढें त्यांत पदें घातलीं. ‘संशयकल्लोळ’ या रूपानें तें १९१६ सालीं गंधर्व मंडळीनें रंगभूमीवर आणलें. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचणें हें पोथीचे पाठभेद लावण्यासारखें सुख आहे. पद कोठें आलें, त्यासाठीं कोणतें वाक्य वळविलें, हें पानोपानीं पाहतां येतें. पात्रांची यादी हीसुद्धां वाचण्याची वस्तु आहे: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या, रेवती, कृत्तिका. महिने व नक्षत्रें एकत्र आणून लेखकानें पंचांगच रंगभूमीवर उभें केलें आहे. आणि ती तसबीर! ती कोणाच्या हातून पडली, कोणास सांपडली, कोणीं कोणाजवळ पाहिली, हा तिचा प्रवास मागचीं पानें उलटून तपासतां येतो, जसा आपण एखाद्या कागदाचा एका दप्तरांतून दुसऱ्या दप्तरांत झालेला प्रवास तपासतों. खेळांत हें सारें इतक्या वेगानें होतें कीं, हंसण्यापलीकडे कांहीं करतां येत नाहीं. तें हंसणें मोलाचें आहेच. परंतु घड्याळ चालतांना पाहणें व तें उघडून आंतील चाकें पाहणें, हे दोन निरनिराळे आनंद आहेत.

राम गणेश गडकरी यांच्या वांट्यास वाचनानें लाभ व हानि दोन्ही येतात, हें पक्षपात न करतां सांगितलें पाहिजे. ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. तळीरामाच्या कोट्या नटाच्या तोंडून एकामागून एक सुटतात तेव्हां त्यांचा कैफ चढतो. कागदावर तिसऱ्या कोटीनंतर वाचक थकतो. रामलालचीं लांबलचक भाषणें तर वाचकाच्या संयमाची परीक्षा पाहतात. परंतु याच नाटकांत एक स्थळ असें आहे कीं, तें आमच्यासारख्या कागदांवर जगणाऱ्या लोकांनीं वारंवार वाचावें. मरणाच्या दारीं असलेली सिंधू पतीस वांचविण्यासाठीं फौजदारासमोर खोटें सांगते. क्षणभर असें समजूं कीं, ती जबानी सरकारी दप्तरांत पडून राहिली आणि शंभर वर्षांनीं आपल्यापैकीं एखाद्यास सांपडली. कागद अस्सल. तारीख बरोबर. सांगणारी व्यक्ति प्रत्यक्ष घटनेंतील. साक्षीदार प्रतिष्ठित. आमच्या सर्व कसोट्यांस तो कागद उतरेल, आणि त्यांतील मुख्य विधान असत्य असेल. तें असत्य कां बोललें गेलें, हें त्या कागदावरून कोणासही कळणार नाहीं. नाटकाच्या वाचकास मात्र तें कळतें. कागद अस्सल असणें व त्यांतील मजकूर सत्य असणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा पुष्कळ पद्धतिग्रंथांत आहे. पण तो इतक्या जवळून दुसरीकडे आम्हांस भेटलेला नाहीं.

(५)

नाटक वाचावें असें म्हणतांना तें इतिहास म्हणून वाचावें, असें आमचें म्हणणें नाहीं. या बाबतींत आमच्या प्रांतांत पुष्कळ घोटाळा झाला आहे. कीर्तन्यांनीं थोरल्या माधवरावांवर नाटक लिहिलें तें १८६१ सालीं. राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड निघाला तो १८९८ सालीं. म्हणजे मधल्या सदतीस वर्षांत पुष्कळांच्या मनांतील माधवराव व रमाबाई हीं बखरींतून व नाटकांतून घडलेलीं होतीं. तें चित्र पुढें पत्रांशीं ताडून पाहणें हें संशोधकाचें काम. त्याबद्दल कीर्तन्यांस दोष देणें हें मात्र काम नव्हे.

गडकऱ्यांचें अपूर्ण राहिलेलें ‘राजसंन्यास’ हें याहून अवघड उदाहरण आहे. त्यांतील संभाजी महाराजांचें चित्र हें त्या काळीं प्रचलित असलेल्या बखरींच्या समजुतींवर उभें आहे. वा. सी. बेंद्रे यांनीं अनेक वर्षें कागद तपासून १९६० सालीं महाराजांचें जें चरित्र प्रसिद्ध केलें, त्यानें त्या समजुतींचा पाया काढून घेतला. करवीरच्या गादीच्या भूमींत बसून लिहितांना ही गोष्ट आडपडदा न ठेवतां सांगणें आमचें कर्तव्य आहे. मग हें नाटक वाचावें कीं नाहीं? आमच्या मतें वाचावें, परंतु सतराव्या शतकाचा पुरावा म्हणून नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं एक प्रतिभावान मराठी लेखक आपल्या राजास कोणत्या चुकीच्या आरशांत पाहत होता, याचा तो पुरावा आहे. बखरींतील प्रवाद नाटकांत गेला, नाटकांतून लोकांच्या तोंडीं गेला, व लोकांच्या तोंडून पुन्हां इतिहास म्हणून परत आला. ही साखळी पुस्तक वाचल्याशिवाय तपासतां येत नाहीं. न वाचतां केलेला गौरव व न वाचतां केलेला निषेध, दोन्ही सारखेच निरुपयोगी होत.

वाचनाचें सामर्थ्य सरकारनें मात्र केव्हांच ओळखलें होतें. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. कथा महाभारतांतील; पण कीचकांत लॉर्ड कर्झन व सैरंध्रींत पारतंत्र्यांतील देश दिसत असल्याचें कोणापासून लपलें नाहीं. व्हॅलेंटाइन चिरोलनें आपल्या हिंदुस्थानांतील असंतोषावरच्या ग्रंथांत त्याची दखल घेतली व १९१० सालीं नाटकावर बंदी आली. नाटक केवळ पाहावयाची वस्तु असती, तर खेळ थांबविल्यानें काम भागलें असतें. पुस्तकावरही हात टाकावा लागला, यावरून राज्यकर्त्यांस आमच्या रसिकांपेक्षां नाटकाच्या वाचकांची अधिक धास्ती होती, असें म्हणावें लागेल.

(६)

आतां हस्तलिखितांकडे वळूं. तंजावरास भोसले राजांच्या पदरीं व खुद्द राजांच्या हातून मराठी नाटकें लिहिलीं गेलीं, तीं भाव्यांच्या खेळाच्या दीडशें वर्षें आधींपासून. शहाजी राजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या नांवावरील ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ त्यांतलेंच. पुढें दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त कुरवंजीच्या तोंडून पृथ्वीचा भूगोल सांगितला आहे. महाराष्ट्रांतील रंगभूमीस या नाटकांचा पत्ताही नव्हता. सरस्वती महालांतील पोथ्यांमुळें तीं वांचलीं, आणि आज त्यांची भेट व्हावयाची ती मुख्यतः वाचकासच.

याहून निकटचें उदाहरण महात्मा फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाचें. १८५५ सालीं तें त्यांनीं दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडलें व कमिटीनें तें नाकारलें, असें त्यांनीं स्वतःच ‘गुलामगिरीं’त नमूद केलें आहे. त्यानंतर सव्वाशें वर्षांच्या जवळपास तें हस्तलिखितांतच राहिलें. गरोदर कुणबी स्त्रीस ग्रहदशेची भीति घालून जोशी कसा लुबाडतो, आणि तें जोडपें शेवटीं शाळेची वाट कशी धरतें, ही त्याची कथा. त्यांतील विदूषक सामान्य विदूषकांसारखा राजाच्या मागें लाडू मागत हिंडत नाहीं. तो प्रसंगाच्या कडेस उभा राहून प्रत्येक लबाडीवर बोलतो. पोथीच्या समासांत एखाद्या जागरूक वाचकानें टीपा लिहाव्यात, तशीं त्याचीं वाक्यें आहेत. कथा मधल्या पानांत चालते व सत्य समासांत. ही रचना पाहून जो आनंद होतो तो हस्तलिखितें हाताळणारासच पुरता कळेल. त्या हस्तलिखिताची प्रत कोणीं जपली नसती, तर मराठींतील सामाजिक नाटकाचा आरंभ कोठें धरावा, याविषयीं आपलें मत आजही वेगळें असतें.

रंगभूमीवर येऊनही पुढें विसरली गेलेलीं नाटकें याहून पुष्कळ आहेत. हिराबाई पेडणेकर यांचें ‘संगीत दामिनी’ केशवराव भोसल्यांच्याच ललितकलादर्श मंडळीनें १९१२ सालीं केलें. स्त्रीनें लिहिलेलें नाटक व्यावसायिक मंडळीनें करावें, ही त्या काळीं केवढी गोष्ट! आज त्या नाटकाची ओळख करून घ्यावयाची तर पुस्तकावांचून दुसरा उपाय नाहीं.

(७)

वाचनानें जें गमावतें तेंही मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. बालगंधर्व व केशवराव यांनीं ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस जो ‘संयुक्त मानापमान’ केला, तो कोणतेंही पुस्तक परत देऊं शकत नाहीं. गोविंदराव टेंबे यांच्या चाली कागदावरील पदांतून ऐकूं येत नाहींत. बाबूराव व आनंदराव पेंटर या करवीरच्या बंधूंच्या हातच्या पडद्यांचे रंग कंसांतील ‘राजवाड्याचा देखावा’ या शब्दांत मावत नाहींत. वाचक या सर्वांस मुकतो. मात्र खेळ पाहणारा त्या रात्रीच्या नटाचें नाटक पाहतो. वाचणारा लेखकाचें नाटक वाचतो. दोहोंपैकीं एकानें दुसऱ्याची जागा घ्यावी, असें आम्ही म्हणत नाहीं.

म्हणून शेवटीं आमच्या वाचकांस, विशेषतः संग्राहकांस, कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. नटांच्या बोलींत ‘नक्कल’ म्हणजे पाठ करावयाची भूमिका. आमच्या बोलींत ‘नक्कल’ म्हणजे अस्सलाची प्रत. जुन्या मंडळ्यांच्या वह्यांत हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. त्या वह्यांत छापील पुस्तकाशीं न जुळणारीं वाक्यें असतात, गाळलेल्या प्रवेशांवर काट मारलेली असते, समासांत कोणा नटाचें नांव असतें. दक्षिण महाराष्ट्रांतल्या ज्या घरांत पूर्वीं कोणी नाटक मंडळींत होतें, त्या घरांतील माळ्यावर अशी वही असण्याचा संभव आहे, आणि ती रद्दींत जाण्याचाही संभव तेवढाच आहे. सनदेस व वतनपत्रास जो मान आपण देतों तो तिला द्यावा. छापील प्रतीशीं ताडून तिचे पाठभेद टिपावेत. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० सालापासून चालत आलेल्या ग्रंथालयांतील जुनीं नाटकें काढून पाहावींत व कोणत्या प्रती कोठें आहेत याची यादी करावी.

त्याबरोबर, आणि हें अधिक महत्त्वाचें, तीं वाचावींत. चारपांच मित्रांनीं एकत्र बसून एकेका पात्राचें बोलणें मोठ्यानें वाचावें. पोशाख नको, पडदा नको. ज्यांस तें जमत नसेल त्यांनीं एकांतांत वाचावें, परंतु सावकाश, मोडी पत्र लावावें तसें, न लिहिलेल्या शब्दांकडे लक्ष ठेवून.

केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हां उभें राहिल्यावर तेथें पहिला खेळ होईल तेव्हां आम्हीही खुर्ची धरून बसूं. तोपर्यंत, व त्यानंतरही, कपाटांतील ‘शारदा’ एकदां बाहेर काढून तिची धूळ झटकावी आणि पहिल्या प्रवेशापासून वाचावयास लागावें, एवढी विनंति करून हा लेख संपवितों.